राहीचा केस आणि कोबेचे तीन दगड

मांडवीच्या आप्पा मयेकरांना देवाने बाकी सगळं बेताचं दिलं होतं, कातडी मात्र राजघराण्यातली दिली. कमळाबाईंनी नुसतं रागाने पाहिलं तरी गालावर वळ उमटावा, इतकी नाजूक. अशी कातडी पाठीवर असती तर कोणाला कळलंही नसतं. पण दाढी ही माणसाला नेमकी चेहऱ्यावरच येते, आणि आप्पा पडले बंदर कचेरीतले हेडकारकून. साहेबासमोर खुंट वाढवून उभं राहायची सोय नव्हती.

बुधवारी आणि रविवारी सकाळी शिवा न्हावी धोकटी सोडून ओटीवर बसला, की आप्पा डोळे मिटून देवाचा धावा सुरू करत. उजवा गाल होईपर्यंत कुलदैवत पुरायचं. डाव्या गालाला ग्रामदैवत लागायचं. हनुवटीपाशी वस्तरा आला की ज्यांच्याशी घराण्याचा काडीचा संबंध नव्हता अशा लांज्या-पालीकडच्या देवांचीही नावं आठवायची. मग तुरटी फिरायची, आणि ती फिरताना आप्पांच्या तोंडून जो आवाज निघे त्याला कुठल्याच देवाचं नाव देता आलं नसतं.

"हात माझा हलका हा, आप्पानू," शिवा दर वेळी म्हणे. "वस्तरा पण इलायती. दोष पथरीचा. बापाच्या वेळची पथरी, घासून घासून मधी पन्हळ पडलीय. तिच्यावर धार काय लागणार?"

ही पथरीची गोष्ट आप्पांनी एकदा शेजारच्या बाळाच्या कानावर घातली आणि तिथून सगळं सुरू झालं.

बाळा हा येसूबाईंचा एकुलता एक. चीन-जपानकडे जाणाऱ्या मालबोटीवर खलाशी. मयेकरांचं घर आणि येसूबाईंचं घर यांच्यामध्ये चिऱ्याचा एक गडगा होता आणि गडग्याला एक खिंडार होतं. त्या खिंडारातून दोन्ही घरांचा संसार इकडून तिकडे वाहत असे. भाजीची वाटी जाई, विरजण येई, विस्तव जाई, गोष्टी येत. बाळाची बायको राही रोज संध्याकाळी कमळाबाईंकडे यायची. तिला सातवा लागला आणि ती आडवी होऊनही खिंडारात मावेना, तेव्हा आप्पांनी कोणी न सांगता दोन चिरे काढून वाट रुंद केली होती. कमळाबाईंची कूस उजवली नव्हती. राहीला आई नव्हती. तेव्हा बाळंतपण सासरीच व्हायचं आणि राहीच्या उशाशी कमळाबाईंनीच बसायचं, हे दोन्ही घरांत कधीचं ठरून गेलं होतं. कधी ठरलं ते कोणालाच आठवत नव्हतं, इतकं ते पक्कं होतं.

"कोबे बंदरात एक न्हावी हाय," बाळाने सांगितलं. "माणूस खुर्चीत बसतो आणि घोरायला लागतो. उठवून सांगावं लागतं, झाली म्हणून. त्यांच्याकडे डोंगरातला दगड असतो, नुसत्या पाण्यावर चालतो. लोण्यासारखा मऊ."

"आणशील?" आप्पांनी विचारलं. ते विचारताना त्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला होता.

बाळा पुढच्या खेपेला आला तो एक सोडून तीन दगड घेऊन. कोबेच्या दुकानदारिणीने सांगितलं होतं म्हणे, दगड हा नवऱ्यामुलासारखा असतो, दुसऱ्याने पसंत करून चालत नाही. तिन्ही ने, एक ठेव, दोन परत आण. बोट शिमग्यानंतर पुन्हा कोबेला निघणार होती. तेवढ्यात आप्पांनी निवड करायची.

पण दगड घरी यायच्या आधी बंदरावर उतरायला हवेत. गलबतवाले तोल राखायला भरलेले दगड बंदरात कुठेही टाकत, म्हणून गेल्याच साली कचेरीने हुकूम काढला होता, की ओव्हरसियरच्या सहीवाचून जहाजावरचा एकही दगड किनाऱ्यावर उतरवू नये. हुकुमाचा मसुदा सुंदर होता. तो आप्पांनीच केला होता. 'एकही' या शब्दाखाली रेघ मारली होती तीही आप्पांचीच. आता पडावातून बाळा तीन दगड घेऊन उतरला आणि नाक्यावरच्या शिपायाने ते जप्त करून हेडकारकुनाच्या टेबलावर आणून ठेवले.

ओव्हरसियर फिरतीवर जयगडला. आप्पांनी आप्पांच्या नावे अर्ज लिहिला, आप्पांनी तो तपासला आणि अर्जदाराची सही राहिली म्हणून आप्पांनीच तो परत केला. दुसऱ्या अर्जात दगडांचा उपयोग लिहिलेला नव्हता. 'दाढी' असं लिहावं तर सरकारी कागदावर ते कसं दिसेल, या विचारात एक दिवस गेला. शेवटी 'वैयक्तिक सुधारणा' असं लिहून, परतलेल्या ओव्हरसियरची सही घेऊन, तिसऱ्या दिवशी त्यांनी दगड घरी आणले. आपण नियमाला धरून वागलो याचं त्यांना समाधान होतं. फक्त शिपाई आपल्याकडे पाहून हसला असं त्यांना वाटलं, ते मनाला लागलं.

दगड मात्र देखणे होते. एक पिवळा, पिकल्या केळीच्या सालीसारखा. दुसरा हिरवट, भरतीच्या वेळच्या खाडीसारखा. तिसरा करडा, आणि त्याच्या अंगावर काळे ठिपके; सांजेच्या आभाळात कावळे घरी निघावेत तसे. बरोबर खडूसारखा एक तुकडा होता. तो दगडावर पाण्यात घासायचा, दुधासारखा चिखल निघतो, त्या चिखलात वस्तरा फिरवायचा, अशी रीत बाळाने सांगितली. मग पारख करायच्या पायऱ्या सांगितल्या: आधी आवाज ऐकायचा, मग पाणी किती पितो ते पाहायचं, मग वस्तरा लावायचा. "आणि शेवटची परीक्षा केसाची, आप्पा. लांब केस एका टोकाला धरायचा आणि धारेवर नुसता टेकवायचा. ओढायचा नाय. आपोआप तुटला, तर दगड खरा. दुकानातल्या म्हातारीनं सोताचा केस उपटून दाखवलान."

एवढं सांगून बाळा बोटीवरच्या कामासाठी मुंबईला गेला. पंधरा दिवसांनी, बाळंतपणाला, परत यायचा होता.

आता पाखाडीत, म्हणजे मांडवीच्या त्या आळीत, काही नवीन आलं, की ते सगळ्यांचं असतं. ओटीवर तीन दगड मांडल्यावर दुपारपर्यंत सगळी पाखाडी येऊन गेली. दगड वाजवून घ्यायचा म्हटल्यावर जो तो नारळ वाजवावा तसा कानाशी धरून नखाने वाजवू लागला.

"पिवळा घ्या," गंगुबाई म्हणाल्या. त्यांचं मत नेहमी पहिलं असे. "खणखणीत वाजतोय. पाणी भरपूर असंल."

"अहो, दगड आहे तो. पाणी कुठलं?"

"मग घेताय कशाला?"

येसूबाईंनी तिन्ही दगडांवरून बोट फिरवलं आणि करड्यापाशी थांबल्या. "ह्यो नको रे, आप्पा. ह्याच्यावर कावळे बसलेत. त्यो हिरवा बरा, राहीच्या बाळाला मायफळ उगाळायला होईल."

शिवा आला तो स्वतःचे दोन वस्तरे घेऊन. आप्पांचा एक धरून तीन झाले. तीन दगडांवर तीन वस्तरे लावायचे आणि ओळखायला मुठीला तीन रंगांचे दोरे बांधायचे, अशी चोख व्यवस्था आप्पांनी केली. पहिल्याच दिवशी शिवाने, आप्पा पाणी आणायला आत गेलेले पाहून, वाडवडिलांच्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या दगडावर पळीभर खोबरेल ओतलं.

"अरे, पाण्याचा दगड तो!"

"तेलाबिगर पथरी म्हणजे कुंकवाबिगर कपाळ, आप्पानू. माझा हातच गेला."

तेल दगडाच्या पोटात शिरलं ते शिरलंच. कमळाबाईंनी रिठ्याच्या पाण्यात तो दगड तीन वेळा उकळला. स्वयंपाकघरात कोणी न्हायलंय असा वास दोन दिवस येत होता.

दर घासणीनंतर धार कुठवर आली ते आप्पा हातावरचे केस उडवून बघत. शास्त्रोक्त प्रयोग असल्याने प्रत्येक वस्तऱ्याला वेगळी जागा दिली होती. चार दिवसांत दोन्ही हातांवर खाचरं पाडावीत तसे गुळगुळीत चौकोन पडले. कचेरीत सही करायला बाही वर गेली आणि साहेबाने खुर्ची मागे सरकवली. दुपारी लेखी हुकूम आला: हेडकारकुनांनी त्वचारोगाचा दाखला आणेपर्यंत खिडकीपाशी वेगळं बसावं. डॉक्टरने हात पाहिले, वस्तऱ्याची सगळी हकीगत ऐकली आणि दाखल्यात लिहिलं, 'रोग नाही. स्वभाव आहे.' तो दाखला आप्पांनी फायलीला लावला खरा, पण उलटा.

हातावरचं पीक संपलं. राहिली ती शेवटची केसाची परीक्षा. आप्पांच्या डोक्यावर जे होतं त्याला केस म्हणणं म्हणजे आठवणींना माणसं म्हणण्यासारखं. कमळाबाईंचे केस विषमज्वरात गेले ते पुन्हा आले पिसासारखे मऊ. ते तिन्ही वस्तऱ्यांवर नुसते लवले.

"वैनींचा केस चालायचा नाय," शिवाने निकाल दिला. "जाड, लांब केस होया. राहीच्या केसासारखा."

राहीचे केस ही पाखाडीची दौलत होती. ती परसात विंचरायला बसली, की केसांनी जमिनीवरची पानं झाडली जात. विंचरून झाल्यावर फणीतल्या केसांचं गुंतवळ बोटाला गुंडाळून, त्यावर थू थू करून, ती गडग्याच्या एका फटीत खोल खुपसून ठेवी. का ठेवी, ते पाखाडीतल्या कुठल्याही चार वर्षांच्या पोरीला माहीत होतं. बाईचा केस, त्यातून गरवारशीचा, वाऱ्यावर जाऊ द्यायचा नसतो. कोणाच्या हाती लागला तर करणी होते.

हे आप्पांना माहीत नव्हतं असं नाही. पण माणसाला एखाद्या गोष्टीचा ध्यास लागला, की त्याला माहीत असलेल्या गोष्टी त्याला भेटायला येईनाशा होतात. शिवाय मागायचं कसं, ही अडचण. दुसऱ्याच्या सुनेजवळ, 'मुली, तुझा एक केस दे,' असं मयेकरांच्या घराण्यात आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यापेक्षा फटीतलं गुंतवळ टाकून दिलेलंच आहे, त्यातला एक केस घेतला तर कोणाचं काय जातं, असा हिशेब करून रविवारी, जेवणं व्हायच्या आधी, परसात कोणी नाही असं पाहून, आप्पा गडग्यापाशी वाकले आणि त्यांनी फटीत कोपरापर्यंत हात घातला.

दिवस अमावस्येचा होता. वेळ भर बाराची. दुसऱ्या हातात वस्तरा होता. ह्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या निरुपद्रवी होत्या.

"आप्पा! काय करतंस रे थंय?"

येसूबाई विहिरीकडून कळशी घेऊन येत होत्या. आप्पा दचकले. हात फटीतून निघाला, तो गुंतवळासकट.

"काही नाही, काकी. केस."

"कोणाचो?"

"राहीचा."

"कशाला?"

खोटं बोलायचा सराव आप्पांना कधी मिळालाच नव्हता. "वस्तऱ्याला," ते म्हणाले.

कळशी येसूबाईंच्या कमरेवरून निसटली आणि पाणी चिऱ्यांतून आप्पांच्या पायाशी आलं. येसूबाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी पुढे होऊन आप्पांच्या हातातलं गुंतवळ काढून घेतलं, पदराखाली झाकलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरात पाळणा हलला नाय, ता देवाचा मन. पण माझ्या घरातलो पाळणो नको रे बघू."

त्या दुपारी गडग्याचं खिंडार करवंदीच्या जाळ्यांनी बंद झालं. येसूबाईंनी त्या स्वतः तोडून आणल्या होत्या.

आप्पांनी आत जाऊन कमळाबाईंना सगळं सांगितलं. कमळाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. राहीसाठी झाकून ठेवलेली खिरीची वाटी त्यांनी उघडली, पाहिली आणि पुन्हा झाकली. आप्पांना वाटलं, ह्यापेक्षा शिवाच्या जुन्या वस्तऱ्याने चारदा दाढी केलेली बरी.

मग सल्ले आले. गंगुबाई म्हणाल्या, उलट तुम्हीच येसूबाईंवर फिर्याद करा. एकजण म्हणाला, केस परत द्या. केस परत दिलेच आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, मग पुन्हा मागून घ्या आणि चारचौघांत परत द्या. शिवाने तिन्ही वस्तरे धोकटीत घालून नेले; "हत्यार डोळ्याआड असलेलं बरं, आप्पानू." आप्पांनी दाढी सोडली. कचेरीत साहेबाने विचारलं तेव्हा त्यांनी 'वैयक्तिक' एवढंच सांगितलं. सुधारणा हा शब्द त्यांच्याच्याने उच्चारवला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे कमळाबाई जात्यावर बसल्या आणि आप्पांना अंथरुणात ऐकू आलं:

*शेजीच्या गं अंगणात*
*पाऊल माझं कालचं*
*काटा भरला आजचा*
*करवंदीचा.*

जातं थांबलं. गडग्यापलीकडे सूप वाजत होतं, तेही थांबलं. मग राहीचा आवाज आला, हळू, दम लागलेला:

*करवंदीच्या जाळीला*
*फूल येतं गं पांढरं*
*माझ्या सासूचं अंतर*
*तसंच की.*

"कोण गो कोणाचं अंतर बघतंय सकाळच्या पारी?" येसूबाई आतून कडाडल्या, आणि पुन्हा दोन्हीकडे सामसूम झाली. आप्पांनी पांघरूण तोंडावर ओढलं. एका दाढीपायी आपण हे काय करून बसलो!

शेवटी येसूबाईंनी कौल लावायचा ठरवला. वरच्या देवळातल्या देवीला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. आप्पांनी काही केलं नसेल तर उजवी पडावी, केलं असेल तर डावी. पुढचा मंगळवार ठरला. आप्पा कोट घालून, टोपी घालून, आठ दिवसांच्या दाढीसकट निघाले. शिवालाही त्यांनी साक्षीला बोलावलं, आणि शिवा धोकटीशिवाय घराबाहेर पडत नसे. कमळाबाई घरीच राहिल्या. "देवीला काय सांगायचं ते मी इथून सांगेन," त्या म्हणाल्या. राही तर बाहेर पडण्यासारखी नव्हतीच.

देवळात सगळी पाखाडी होती. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बाय माझे आई! आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या आप्पा मयेकरानं, अवसेच्या दिवशी, भर दुपारी, गरवारशीचे केस घेतलान!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज आप्पांचा होता. जन्मभर प्रत्येक गाऱ्हाण्याला त्यांनी तसंच म्हटलं होतं; तोंडाला ती सवयच होती. गुरव थबकला. लोकांनी वळून पाहिलं. येसूबाई म्हणाल्या, "बघा, कबूल झालो!"

"तसं नाही, काकी, ते आपलं..."

"गप. देवी सांगंल."

पण देवी काही सांगेना. पाकळ्या जागच्या हलेनात. गुरवाने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. या वेळी आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. घटका गेली. माणसं पाय बदलून उभी राहिली. आप्पा त्या डाव्या पाकळीकडे बघत होते. तिची कड किंचित सुटल्यासारखी वाटत होती. ती पडली तर गडगा जन्माचा बंद, आणि घरी चुलीपुढे बसलेल्या बाईला काय तोंड दाखवायचं?

इतक्यात पायऱ्यांवर धावतं पाऊल वाजलं. मुंबईची आगबोट लागली होती आणि बाळा खांद्यावर ट्रंक घेऊन, घरी जायच्या आधी, देवीच्या पाया पडायला तसाच आला होता. एवढी गर्दी पाहून त्याला वाटलं उत्सवच आहे. आप्पा दिसताच तो आनंदाने ओरडला, "काय आप्पा, केसाची परीक्षा झाली काय? कुठचो दगड खरो निघालो?"

येसूबाई गर्रकन वळल्या.

"कसली परीक्षा?" येसूबाईंनी विचारलं.

बाळाने सांगितलं. कोबेची म्हातारी, धार, लोंबता केस, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला आईचा चेहरा दिसला आणि आवाज खाली आला.

"मग हे मला का नाय सांगितलंस रे?" येसूबाई आप्पांवर उसळल्या.

"सांगितलं, काकी. वस्तऱ्याला, असं म्हटलं."

येसूबाई शिवाकडे वळल्या. "काढ तुझे वस्तरे. हयंच बघू, देवीसमोर. आणि केस सुनेचो नको. काय बरं-वाईट व्हायचं ता मला होऊ दे." त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आपल्या पांढऱ्या अंबाड्यातून तीन लांब केस एकामागून एक उपटले. डोळ्यांत पाणी आलं ते केसांमुळे, असं त्यांनी पुढेही कायम सांगितलं.

शिवाने पिवळ्या दोऱ्याचा वस्तरा उघडून आडवा धरला. आप्पांनी केसाचं टोक चिमटीत धरलं आणि धारेवर टेकवला. केस लवला आणि घसरला. खोबरेलाचा वास मात्र आला.

हिरव्या दोऱ्याचा. केस थोडा अडला, आप्पांचा श्वासही अडला. मग केस वळसा घेऊन खाली आला.

राहिला काळ्या दोऱ्याचा, कावळ्यांच्या दगडावर लावलेला. गंगुबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच मत नव्हतं. पांढरा केस धारेला टेकला, आणि कोणी काही करायच्या आत त्याचा अर्धा भाग निघाला आणि कवडशातून गिरक्या घेत, सावकाश, फरशीवर उतरला.

"तुटलो!" शिवा म्हणाला, देवळात म्हणतात तशा आवाजात.

तेवढ्यात मागे कोणी तरी म्हणालं, "अरे, कौल!"

सगळे वळले. दोन्ही पाकळ्या देवीच्या पायाशी पडल्या होत्या.

"आधी कुठची पडली?" बाळाने विचारलं.

गुरव ओशाळला. "मी केसाकडे बघत होतो."

कोणीच पाहिलं नव्हतं. पाखाडी येसूबाईंकडे बघू लागली. येसूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, देवीला हात जोडले आणि म्हणाल्या, "पडली ती पडली. देवी तरी त्या येळी दुसरीकडे बघत होती काय?"

आप्पा खांबाला टेकून खाली बसले, आणि बसल्या बसल्या हसू लागले, आणि त्यांना ते थांबवता येईना.

सगळे घरी आले ते येसूबाईंच्या परसातून. "मीच घातल्या, मीच काढीन," म्हणत त्या गडग्याकडे गेल्या आणि तिथेच थबकल्या. करवंदीच्या जाळ्या मधोमध आडव्या पडलेल्या होत्या, तुडवलेल्या. एका काट्यावर हिरव्या लुगड्याची चिंधी हलत होती. घरातून जनी सुईणीचा आवाज येत होता, आणि त्याच्याही खालून कमळाबाईंचा: "मी आहे हो, बाय माझी. धर माझा हात. घट्ट धर."

देवळात कौल लागत होता तेव्हा राहीच्या पोटात कळ आली होती. कमळाबाईंनी निकालाची वाट पाहिली नव्हती.

येसूबाईंनी ती चिंधी काट्यावरून सोडवली. "कमळे, काटे गो!" एवढंच त्या पुटपुटल्या, आणि धावत आत गेल्या.

पुरुषांना करण्यासारखं काही उरलं नाही. बाळा अंगणात येरझाऱ्या घालू लागला. आप्पा येसूबाईंच्याच ओटीवर बसले. त्यांचं बसणं बघवेना, म्हणून शिवाने त्यांच्या गालाला साबण फासला. "मन गुंतवा, आप्पानू. नायतर तुमका बघून बाळा घाबरंल." काळ्या दोऱ्याचा वस्तरा उघडला. उजव्या गालावरून तो गेला, तो गेला हे आप्पांना शिवाने सांगितल्यावर कळलं. एकाही देवाला हाक मारावी लागली नाही. मारल्या तेवढ्या राहीसाठी. शिवा डाव्या गालाकडे वळला आणि आतून एक बारीक, रागीट आवाज उठला. नव्या माणसाचा.

दारात येसूबाई आल्या. कपाळावर घाम, पदर खोचलेला. "मुलगी," त्या म्हणाल्या. "दोघी बऱ्या हत. पण जनीचो विळो गंजलेलो. आप्पा, तुझो तो वस्तरो दे. नाळ कापायची हा."

आप्पांना ऐकू आलं, पण ते मनापर्यंत पोचायला वेळ लागला. मग त्यांनी शिवाच्या हातातून वस्तरा घेतला, चुलीवर आधण होतं त्यात तो नीट उकळला, धारेला बोट न लावता स्वच्छ फडक्यात धरला आणि येसूबाईंपुढे केला. येसूबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. थोड्या वेळाने आतून कमळाबाई म्हणाल्या, "झालं." फक्त एक शब्द. बाळा अंगणातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आप्पांच्या डाव्या गालावर फेस वाळत होता.

"उरलेली करतोस, शिवा?"

"कशानं? वस्तरो सुवेरात गेलो. आता धा दिवस त्याका हात लावता येत नाय."

"बाकीचे दोन आहेत की."

"त्या वस्तऱ्यानंतर ह्ये?" शिवाने धोकटी बांधली. "माझो हात नाय व्हायचो, आप्पानू."

ऊन कलतं झालं होतं. उंबऱ्याच्या आत कमळाबाई येऊन उभ्या राहिल्या. हातांवर काट्यांचे ओरखडे होते, आणि त्या हातांत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी, नारळाएवढं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्धा आठ दिवसांचा, वर पांढरा फेस. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले.

"जवळ या," त्या म्हणाल्या. "पण मग आंघोळ करावी लागेल हं तुम्हांला."

"करीन."

"हिला बघा, किती कोवळी आहे. टोचेल नाहीतर."

आप्पा उंबऱ्यापाशी वाकले. त्यांनी कोटाच्या बाहीने उगाचच तोंड पुसलं, मान वळवली, आणि झालेला गाल पुढे केला.